हट्टी पिल्लाला शी-शूची शिस्त लावताना : पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

घरात नवे पिल्लू आले की पहिल्या काही आठवड्यांत एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘अर्धा तास बाहेर उभे होतो तेव्हा काही केले नाही, आणि आत पाऊल टाकताच गालिच्यावर बसले.’ असे वारंवार घडले की पिल्लू हट्टी आहे, मुद्दाम करते, किंवा रागावल्याचा सूड घेते, असा निष्कर्ष घरातली माणसे काढतात. माझ्या अनुभवात हा निष्कर्षच पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ असतो. बाहेर पिल्लासाठी शेकडो वास, आवाज आणि हालचाली असतात. त्या नादात पोटातली जाणीव मागे पडते. घरात आल्यावर सगळे शांत होते, पायाखाली ओळखीचा मऊ स्पर्श येतो, आणि शरीर आपले काम करते. यात सूडबुद्धी कुठेच नसते.

सुरुवातीचे सुमारे तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून शी-शू करता येत नाही. आई त्याला चाटते, त्यामुळे ती होते आणि साफही होते. त्यानंतर पिल्लू झोपायच्या जागेपासून दूर जाऊन बसू लागते, आणि साधारण सात ते नऊ आठवड्यांच्या वयात पायाखाली जो पृष्ठभाग असेल त्याची आवड त्याच्यात रुजू लागते. तुमच्याकडे येण्यापूर्वी ते कापडावर, कागदावर किंवा पिंजऱ्याच्या जाळीवर वाढले असेल, तर गवत ही त्याच्या दृष्टीने शी-शूची जागाच नसते. घरात झालेली प्रत्येक चूक ही त्या जुन्या सवयीची उजळणी असते. म्हणून चूक झाल्यावर ती सुधारत बसण्यापेक्षा चूक घडण्याची संधीच मिळू नये अशी व्यवस्था करणे, हे खरे काम आहे. पुढच्या सर्व पायऱ्या याच एका तत्त्वावर उभ्या आहेत.

१. शिकवण्याआधी तपासणी करून घ्या

मूत्रमार्गाचा संसर्ग झालेले पिल्लू कितीही शिकवले तरी धरून ठेवू शकत नाही. थोड्या-थोड्या वेळाने थेंब-थेंब शू करणे, करताना कण्हणे, शूमध्ये रक्त दिसणे किंवा ती जागा सतत चाटणे ही त्याची लक्षणे आहेत. झोपेत किंवा चालताना नकळत शू गळत असेल, तर मूत्रवाहिनी जन्मतःच चुकीच्या जागी जोडलेली असण्याची शक्यता असते. हा दोष माद्यांमध्ये अधिक आढळतो. सतत पातळ शी होत असेल तर जंत किंवा जिआर्डियासारखे परजीवी असू शकतात.

पशुवैद्याकडे जाताना पुढील गोष्टी सोबत न्या :

• लसीकरणाची पुस्तिका आणि जंतनाशक दिल्याच्या तारखा
• त्याच दिवसाची शी, झाकणाच्या स्वच्छ डबीत
• दोन-तीन दिवसांची नोंद : कधी खाल्ले, किती पाणी प्यायले, कधी आणि कुठे शी-शू केली
• सध्याच्या खाद्याचे नाव आणि प्रमाण

यातली तिसरी गोष्ट लोक सर्वाधिक टाळतात, आणि पशुवैद्याला सर्वाधिक उपयोग तिचाच होतो.

२. साहित्य आधीच गोळा करा

पिल्लू घरी आल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे साहित्य तयार असलेले बरे : मऊ पट्टा किंवा हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा), सुमारे दीड-दोन मीटर लांबीची दोरी, दुभाजक असलेला क्रेट (पिल्लाला झोपण्यासाठीचा दार असलेला पिंजरा) किंवा लहान मुलांसाठी वापरतात तसे कुंपण, नखाएवढे तुकडे करता येतील असा खाऊ, शी उचलण्याच्या पिशव्या, टिपकागद, एन्झाइमयुक्त डाग-वास निवारक द्रावण आणि एक नोंदवही. अतिनील प्रकाशाची छोटी विजेरी मिळाली तर अवश्य घ्या. अंधारात तिच्या उजेडात शूचे जुने डाग चमकतात, आणि घरातले कोणते कोपरे पिल्लाने आपले मानले आहेत ते कळते. पहिल्यांदा ही विजेरी लावाल तेव्हा थोडे मन घट्ट करून लावा.

३. पिल्लाच्या क्षमतेनुसार वेळापत्रक आखा

पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवल्यावर जी संख्या येईल तितके तास ते दिवसा जास्तीत जास्त धरून ठेवू शकते, असा एक ढोबळ आडाखा वापरला जातो. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लासाठी ही मर्यादा तीन तासांची. मात्र ती स्वस्थ पडून राहिलेल्या पिल्लाची कमाल मर्यादा आहे. तिला वेळापत्रक समजणे हा पहिला सापळा. जागे असलेले, खेळणारे, पाणी पिणारे तेच पिल्लू अर्ध्या तासातही बसू शकते. लहान चणीच्या जातींची मूत्राशयेही लहान असतात, त्यामुळे त्यांना आणखी वारंवार न्यावे लागते.

सुरुवातीला पिल्लू जागे असेपर्यंत दर तासाला, आणि त्याशिवाय पुढील प्रत्येक प्रसंगी त्याला बाहेर न्या : झोपेतून उठताक्षणी, खाल्ल्यानंतर पाच ते तीस मिनिटांच्या आत, खेळाच्या मध्ये आणि शेवटी, पाहुणे येऊन गेल्यावर, आणि झोपण्यापूर्वी. पोटात अन्न गेले की मोठ्या आतड्याची हालचाल आपोआप वाढते, म्हणून जेवणानंतरची फेरी सहसा वाया जात नाही. याच कारणाने खाण्याच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा, त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा असे प्रमाण बहुतेक पिल्लांना मानवते. खाद्य पंधरा-वीस मिनिटे समोर ठेवून मग भांडे उचला. दिवसभर भांडे भरलेले राहिले तर शीची वेळ कोणालाच सांगता येणार नाही. पाणी मात्र दिवसा कधीही तोडू नका. शू कमी व्हावी म्हणून पिल्लाला तहानलेले ठेवणे धोक्याचे आहे.

४. बाहेर नेण्याची पद्धत पाळा

सर्वाधिक घोटाळा याच पायरीवर होतो, म्हणून ती सविस्तर सांगतो.

एकच दार, एकच रस्ता आणि एकच जागा ठरवा. मोकळ्या अंगणातही पिल्लाला दोरीवरच न्या. सोडून दिलेले पिल्लू फुलपाखरामागे धावते आणि तुम्हाला वाटते की त्याचे काम झाले. ठरलेल्या जागी पोहोचल्यावर झाडासारखे उभे राहा. बोलू नका, खेळू नका, फोन पाहू नका. दोरीच्या टप्प्यात त्याला हुंगू द्या. पाच ते दहा मिनिटे पुरेशी असतात.

पिल्लू बसले की हळू आवाजात एक ठरावीक शब्द म्हणा. घरातल्या सगळ्यांनी तोच शब्द वापरावा, म्हणजे काही आठवड्यांनी त्या शब्दावर ते बसू लागेल. मात्र जोरात शाबासकी देण्याची घाई करू नका. शाबासकी ऐकून पिल्लू अर्ध्यावर उठते, खाऊ घेते, आणि उरलेले काम घरात येऊन पुरे करते. ते पूर्ण उरकून उठले की एक-दोन सेकंदांत, त्याच जागी खाऊ द्या. घरात परतल्यावर दिलेला खाऊ पिल्लाच्या हिशेबी दारातून आत आल्याबद्दल असतो. बऱ्याच पिल्लांना, विशेषतः सकाळी, दोन हप्त्यांत बसावे लागते. म्हणून खाऊ दिल्यावरही दोन मिनिटे थांबा.

काम झाल्याबरोबर घरी परतू नका. शी केली की बाहेरची मजा संपते, हे चलाख पिल्लू लवकर शिकते, आणि मग मजा लांबवण्यासाठी धरून ठेवू लागते. ज्याला आपण हट्टी म्हणतो असे पिल्लू पुष्कळदा हाच धडा अचूक शिकलेले असते. क्रम उलटा करा : आधी ठरलेल्या जागी काम, मग बक्षीस म्हणून फेरफटका किंवा खेळ.

दहा मिनिटांत काहीच झाले नाही तर काय करावे? आत आणा, पण मोकळे सोडू नका. मांडीवर, क्रेटमध्ये किंवा कमरेला बांधलेल्या दोरीवर दहा-पंधरा मिनिटे ठेवा आणि पुन्हा त्याच जागी न्या. गरज पडल्यास हे चक्र पुन्हा-पुन्हा करा. पहिले काही दिवस यात फार वेळ जातो, शेजारी विचित्र नजरेने पाहतात. पण ‘बाहेर काही करत नाही आणि आत येऊन करते’ या तक्रारीवर इतका खात्रीचा दुसरा उपाय मला माहीत नाही.

लसीकरणाचे सर्व डोस, म्हणजे साधारण सोळा आठवड्यांच्या वयापर्यंतचे, पूर्ण होईपर्यंत अनोळखी कुत्रे येतात अशा जागी पिल्लाला जमिनीवर सोडू नका. पार्वो विषाणू मातीत कित्येक महिने, प्रसंगी वर्षाहून अधिक काळ टिकतो आणि लहान पिल्लांसाठी तो जीवघेणा ठरतो. तोपर्यंत इतर कुत्रे येत नाहीत असा स्वतःच्या अंगणाचा कोपरा किंवा बाल्कनीत गवताचा ट्रे ही सोय उत्तम. शोषक पॅडविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. पॅडचा मऊ स्पर्श पायपुसणी आणि गालिच्याशी मिळताजुळता असतो, आणि पॅडवर शिकलेले पिल्लू पुढे पायपुसणीलाच पॅड मानते. वापरावेच लागले तर पॅड रोज थोडे-थोडे दाराकडे आणि शेवटी दाराबाहेर सरकवा, आणि तोपर्यंत घरातल्या सगळ्या पायपुसण्या गुंडाळून ठेवा.

५. घरातली मोकळीक मर्यादित ठेवा

पिल्लू घरात केवळ तीन अवस्थांत असावे : तुमच्या नजरेखाली, दोरीने तुमच्याशी बांधलेले, किंवा क्रेटमध्ये वा कुंपणात. ‘आता तर इथेच होते’ हे वाक्य तोंडातून निघाले की समजा, मागच्या खोलीत काहीतरी झाले आहे.

क्रेट इतकाच मोठा असावा की पिल्लाला उभे राहता, वळता आणि पाय पसरून झोपता यावे. त्याहून मोठा असेल तर ते एका कोपऱ्यात झोपते आणि दुसऱ्या कोपऱ्यात शी करते; म्हणून वाढत्या वयासाठी मोठा क्रेट घेतला असेल तर दुभाजक लावा. सुरुवातीचे दिवस दार उघडे ठेवून आतच खाऊ आणि जेवण द्या, आणि शिक्षा म्हणून त्यात कधीही कोंडू नका. क्षमतेपेक्षा जास्त वेळ कोंडलेले पिल्लू नाइलाजाने आतच करते, आणि झोपायची जागा स्वच्छ ठेवण्याची त्याची उपजत प्रवृत्ती एकदा मोडली की ती परत आणणे कष्टाचे होते. गलिच्छ पिंजऱ्यात वाढलेल्या काही पिल्लांमध्ये ती आधीच मोडलेली असते. अशा पिल्लासाठी क्रेटचा हट्ट धरू नका. त्याऐवजी कुंपणात झोपायची जागा आणि गवताचा ट्रे एकमेकांपासून दूर ठेवा, शी दिसताक्षणी उचला, आणि जेवण झोपण्याच्या जागीच द्या.

नजर ठेवायची ती या खुणांवर : खेळता-खेळता अचानक थांबणे, जमीन हुंगत गोल फिरणे, सोफ्यामागे किंवा जुन्या डागाकडे निघणे, दाराशी घुटमळणे. खूण आणि प्रत्यक्ष कृती यांत काही सेकंदांचेच अंतर असते, म्हणून खूण दिसल्यावर चपला शोधत बसू नका. त्या दारातच ठेवा.

६. चूक झाली तर साफ करा, शिक्षा करू नका

पिल्लाला प्रत्यक्ष बसताना पाहिले तर हलकी टाळी वाजवून त्याचे लक्ष वेधा, उचलून बाहेर न्या, आणि तिथे काम पुरे केले तर खाऊ द्या. नंतर डाग सापडला तर काहीही बोलू नका. पिल्लाचे नाक त्यात घासणे हा जुना आणि क्रूर उपाय अजूनही सुचवला जातो. त्यातून पिल्लू एवढेच शिकते की माणसासमोर बसणे धोक्याचे आहे. मग ते तुमच्यासमोर बाहेरही बसत नाही, पलंगाखाली जाऊन लपून करते, आणि काही पिल्ले पुरावा नष्ट करावा तशी आपली शी खाऊन टाकू लागतात.

‘पण त्याचा चेहरा पाहा, त्याला चूक कळते’ असे अनेकांना वाटते. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले की, कुत्र्याचा तो अपराधी चेहरा त्याने आज्ञा मोडली होती की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो अधिक दिसत होता. तो चेहरा भीतीचा असतो, पश्चात्तापाचा नव्हे.

साफ करताना टिपकागद दाबून ओल शोषून घ्या. घासू नका, कारण घासल्याने ती धाग्यांत खोल जाते. मग एन्झाइमयुक्त द्रावण भरपूर ओता आणि बाटलीवर लिहिलेला वेळ ते तसेच राहू द्या. त्याआधी साबण किंवा जंतुनाशक वापरले तर एन्झाइमचे काम बिघडू शकते. शूमधील काही घटक साध्या पाण्याने जात नाहीत आणि हवा दमट झाली की पुन्हा वास देऊ लागतात. आपल्या नाकाला न आलेला हा वास पिल्लाला मात्र तिथे बसण्याचे आमंत्रण देतो. अमोनिया असलेली द्रावणे टाळा, कारण त्यांचा वास शूशी जुळतो. शूच्या डागावर ब्लीच तर कधीच ओतू नका. त्यातून विषारी वायू तयार होऊ शकतो.

७. ओंगळ सवयींचा बंदोबस्त करा

स्वतःची किंवा इतर कुत्र्यांची शी खाणे. ही सवय पाहून माणसे हादरतात, पण ती दुर्मीळ नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे १६ टक्के कुत्रे वारंवार शी खाणारे आढळले, आणि त्यांचा कल दोन दिवसांपेक्षा जुनी नसलेल्या शीकडे होता. ही सवय मोडण्यासाठी विकल्या जाणाऱ्या अकरा उत्पादनांचे यश याच पाहणीत शून्य ते दोन टक्के नोंदले गेले. तेव्हा त्या पुड्यांवर पैसे घालवण्यापूर्वी विचार करा. उपयोगी पडते ते एवढेच की शी दिसताक्षणी उचलावी आणि पिल्लाला ती गाठू देऊ नये. पिल्लू दोरीवर असताना, ते बसून उठताच खाऊ नाकाशी धरून त्याला आपल्याकडे वळवा, आणि ते खाऊ खात असताना दुसऱ्या हाताने शी उचला. काही दिवसांत ते शी करून स्वतःहून तुमच्याकडे वळू लागते. ओरडत मागे धावणे हा येथील मोठा सापळा आहे. पाठलाग झाला की पिल्लू घाईघाईने गिळते आणि त्याला तो खेळ वाटू लागतो. घरात मांजर असेल तर तिचा ट्रे पिल्लाच्या आवाक्याबाहेर ठेवा. पिल्लू भरपूर खाऊनही रोडावत असेल, शी वारेमाप आणि तेलकट होत असेल, तर अन्नपचनाचा विकार तपासून घ्या.

शी तत्परतेने उचलण्याला आरोग्याचेही कारण आहे. पिल्लांमध्ये सर्रास आढळणाऱ्या गोलकृमींची अंडी शीबरोबर बाहेर पडतात, आणि संसर्ग करण्याच्या अवस्थेला यायला त्यांना साधारण दोन ते चार आठवडे लागतात. हे जंत माणसांना, विशेषतः लहान मुलांना, बाधू शकतात. हात धुणे आणि पशुवैद्याने सांगितलेल्या वेळी जंतनाशक देणे यांत कसूर करू नका.

अंथरुणात शू करणे. गादी मऊ आणि शोषक असते, आणि तिला घरातल्या माणसांचा वास असतो, इतकेच कारण त्यामागे असते. खोलीचे दार बंद ठेवा, गादीला जलरोधक आवरण घाला, आणि पिल्लाला काही आठवडे पलंगावर घेऊ नका.

भेटताना शू होणे. कोणी घरात आले किंवा वाकून थोपटले की काही पिल्लांची शू होते. हा शिस्तीचा प्रश्न नाही. अतिउत्साहाची किंवा नमते घेण्याची ती अनैच्छिक प्रतिक्रिया आहे, आणि रागावल्याने ती हमखास वाढते. पाहुण्यांना सांगा की पिल्लाच्या डोळ्यांत पाहू नका, त्याच्यावर वाकू नका, बाजूला वळून खाली बसा आणि त्याला जवळ येऊ द्या. वय वाढते तशी ही सवय बहुतेक पिल्लांत आपोआप कमी होते.

शी तुडवणे किंवा तिच्याशी खेळणे. याचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते : पिल्लू कुंपणात जास्त वेळ एकटे आणि कंटाळलेले असते. फेऱ्या वाढवा आणि चावण्यासाठी काहीतरी द्या.

८. रात्रीची सोय लावा

शेवटचे जेवण झोपण्यापूर्वी तीन-चार तास द्या आणि झोपण्याआधी शेवटची फेरी उशिरात उशिरा करा. क्रेट तुमच्या पलंगाशेजारी असावा, म्हणजे चुळबुळ ऐकू येईल. पिल्लू रडण्याची वाट न पाहता गजर लावून उठा. रडल्यावर उठत गेलात तर ते रडून उठवायला शिकेल. दिवा मंद ठेवा, बोलू नका, काम झाले की खाऊ द्या आणि परत झोपवा. या एका फेरीनंतर मात्र खेळ नाही. काही रात्री कोरड्या गेल्या की गजर पंधरा मिनिटांनी पुढे ढकला. झोपेत शू कमी तयार होत असल्याने रात्रीचा ताबा बऱ्याचदा दिवसाच्या आधी येतो.

९. मोकळीक हळूहळू वाढवा

एका खोलीत सलग चार आठवडे एकही चूक झाली नाही, तर दुसरी खोली उघडा, आणि तीही आधी दोरीवर फिरवून व तिथे जेवू घालून. दोन दिवस कोरडे गेले म्हणून सगळे घर मोकळे करणे हे अपयशाचे फार सामान्य कारण आहे. बहुतेक पिल्लांना भरवशाची शिस्त लागायला चार ते सहा महिने लागतात, काहींना वर्षही. नोंदवहीत चुकांची वेळ आणि जागा लिहीत राहा. चुका दुपारी एका ठरावीक वेळीच होत असतील, तर बदल त्या वेळच्या फेरीत करायचा आहे, हे एका आठवड्यात कागदावरच दिसते.

सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान, विशेषतः नर, पाय वर करून फर्निचरवर खूण करू लागतात. घर बदलल्यावर किंवा घरात नवे माणूस आल्यावरही जुन्या चुका परततात. अशा वेळी पाचव्या पायरीवर परत जा : दोरी, मर्यादित जागा, तासातासाच्या फेऱ्या. नसबंदीने खूण करण्याची सवय पुष्कळांत कमी होते, पण तिचे योग्य वय जातीनुसार बदलते. ते पशुवैद्याला विचारून ठरवा. घरात काहीही बदललेले नसताना शिकलेले पिल्लू अचानक चुकू लागले आणि पाणीही नेहमीपेक्षा जास्त पिऊ लागले, तर नव्याने शिकवायला बसू नका. त्या दिवसाची नोंदवही आणि शक्य झाल्यास शूचा ताजा नमुना घेऊन लगेच पशुवैद्याकडे जा.